ओढ्यावरचा पादचारी पूल दोन वर्षं पर्यावरण मंजुरीत अडकलाय. नक्की काय चालतं तिथे?

ओढ्याकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहरात राहतो. मागच्या कुंपणापलीकडे ओढा आणि ओढ्यापलीकडे मुलाची शाळा. सरळ रेषेत चारशे फूटही नसेल, सकाळची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. पण ओढ्यावर पूल नाही, म्हणून रोज गाडीने दीड मैलाचा वळसा. वाटेत जो चौपदरी रस्ता लागतो, तिथे लेकाला सायकलवर सोडायची माझी छाती होत नाही.

शहराने दोन वर्षांपूर्वी इथे पादचारी आणि सायकलींसाठी पूल मंजूर करून घेतला. पैसे चालणं-सायकलसाठीच्या अ‍ॅक्टिव्ह ट्रान्स्पोर्टेशन प्रोग्राममधून, त्यात फेडरल हिस्सा आहे. अर्जासोबत आम्ही पालकांनी पत्रं दिली होती, मुलांनी पुलाची चित्रं काढून दिली होती. आता कधीही फोन केला की एकच उत्तर मिळतं, "एन्व्हायर्न्मेंटल चालू आहे." चित्र काढलं तेव्हा मुलगा दुसरीत होता, आता चौथीत आहे.

मी कोकणात वहाळाच्या काठी वाढले. ओढा, झाडं, बेडूक मलाही हवे आहेत. म्हणून चिडून नाही, समजून घ्यायला विचारतेय.
ऐंशी फुटी पुलाला हायवेचाच कायदा का?
त्यातून खरंच काही वाचतं, की नुसती फाईल जाड होते?
आणि आमच्यासारख्या रहिवाशांना यात काही करता येतं का?

मालवणी_साकव
ताई, आमच्याकडे पाऊस सरला की दोन माड आडवे टाकायचे, वर बांबू आणि माती, की झाला साकव. पोरं तिसऱ्या दिवशी शाळेत! ;-)
धागा वाचतोय. जाणकार येतीलच.

खडीडांबर
आलोच. मी कॅलिफोर्नियातच एका काउंटीच्या बांधकाम खात्यात आहे, १७ वर्षं झाली. छोटे पूल, पदपथ, सायकलमार्ग हेच काम. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

कायदा पुलाची लांबी बघत नाही, पैसा कुणाचा ते बघतो. नीपा, म्हणजे नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल पॉलिसी अ‍ॅक्ट, यावर निक्सन यांनी १ जानेवारी १९७० ला सही केली. फेडरल सरकार पैसे देणार असेल किंवा परवानगी देणार असेल, तर आधी परिणाम तपासा, दुसरे पर्याय बघा, लोकांना कळवा आणि मग निर्णय घ्या, एवढंच तो सांगतो. "बांधू नका" असं तो कुठेही म्हणत नाही. परिणाम वाईट दिसले तरी ते कबूल करून बांधायची मुभा आहे. न बघता बांधायची नाही. तुमच्या प्रकल्पात फेडरल हिस्सा आहे, म्हणून सगळा प्रकल्प या चौकटीत येतो.

आता यात तीन वाटा आहेत. मोठ्या परिणामांचं काम असेल तर ईआयएस, सगळ्यात जाड अहवाल. परिणाम मोठे आहेत की नाहीत तेच ठाऊक नसेल तर ईए, आणि त्यातून "लक्षणीय परिणाम नाही" असं निघालं की काम पुढे. तिसरी वाट सीई, म्हणजे ज्या कामांचा परिणाम सहसा मोठा नसतो हे अनुभवाने माहीत आहे, त्यांची वर्गवारी. महामार्ग प्रशासनाच्या नियमांत सीईची जी यादी आहे, तिच्यात पादचारी आणि सायकलमार्ग तिसऱ्या क्रमांकावर आहेत. देशात फेडरल पैशांची ९० टक्क्यांहून जास्त रस्तेकामं सीईतच जातात. तुमचा पूलही बहुतेक त्यातच असणार.

मग दोन वर्षं कशाची? तर सीई म्हणजे सूट नव्हे. नीपा ही छत्री आहे आणि तिच्याखाली बाकीचे कायदे उभे असतात, ते एकेक करून पार करावेच लागतात. ओढा म्हटलं की धोक्यातल्या प्रजातींचा १९७३ चा कायदा. काठावर हजारो वर्षं माणसं राहिली आहेत म्हणून १९६६ च्या वारसा कायद्याचं कलम १०६. पात्रात भराव किंवा खांब येणार असेल तर आणखी तीन मंजुऱ्या, आर्मी कोअर म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाची कलम ४०४ ची, पाणी मंडळाची ४०१ ची, राज्याच्या वन्यजीव खात्याची १६०२ ची. पुलाचं एक टोक उद्यानात उतरत असेल तर कलम ४ एफ. आणि कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा सीक्वा वेगळाच.

@मालवणी_साकव, साकव मलाही प्रिय. पण तो दर पावसाळ्यात वाहून जातो आणि दर वर्षी नवा घालतात. इथला पूल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यावर उभा राहायला हवा आणि त्याच्यामुळे वरच्या अंगाच्या घरांत पाणी चढता कामा नये. तो हिशोबही याच फाईलमध्ये असतो.

तडकाफडकी
माहिती छान, पण माझं मत उलट आहे. एवढे कायदे एका पादचारी पुलावर लादणं हेच मुळात चूक. सॅन फ्रान्सिस्कोत सायकलच्या पट्ट्या रंगवायचं काम २००६ ते २०१० कोर्टाने अडवून ठेवलं होतं, कारण काय तर पर्यावरण अहवाल केला नव्हता. सायकलमुळे पर्यावरणाला धोका? लोक गाडी सोडून चालायला लागावेत असं वाटत असेल तर चालण्याच्या कामांना सरसकट बाहेर काढा. या मुलाची दोन वर्षं कोण परत देणार?

ओढ्याकाठची
@तडकाफडकी, तो शेवटचा प्रश्न मलाही रात्री पडतो.
@खडीडांबर, खूप आभार. उद्यान आहे हो! पलीकडचं टोक शहराच्या बागेच्या कोपऱ्यात उतरतं. हे ४ एफ म्हणजे काय?

खडीडांबर
@तडकाफडकी, ती सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट खरी आहे, पण ते प्रकरण सीक्वाखालचं, म्हणजे राज्याच्या कायद्याचं. तोही १९७० चाच, सही गव्हर्नर रेगन यांची. तेव्हा गाड्या किती वेळ सिग्नलला थांबतात यावरून परिणाम मोजायचे, त्यामुळे सायकलला पट्टी दिली की कागदावर तो "पर्यावरणावर परिणाम" ठरायचा. २०१३ मध्ये राज्याने कायदा करून ते माप बदलायचं ठरवलं. आता गाड्यांचे एकूण मैल वाढतात का हे बघतात. म्हणजे चुकीचं माप होतं, ते दुरुस्त झालं. मापच फेकून द्यायचं का, इथे तुमचं माझं पटणार नाही.

ताई, ४ एफ म्हणजे वाहतूक खात्याच्या १९६६ च्या कायद्यातलं कलम. सार्वजनिक उद्यान, क्रीडांगण, अभयारण्य, ऐतिहासिक जागा यांतून फेडरल पैशांचा रस्ता न्यायचा असेल तर दुसरा व्यवहार्य पर्याय नाही हे दाखवावं लागतं. मेम्फिसला नकाशावर आय-४० नीट बघा. शहराच्या मधोमध तो तुटतो आणि वळसा घेऊन वरून जातो. मधे ओव्हर्टन पार्क आहे. हायवे त्या बागेतून जाणार होता. काही नागरिक कोर्टात गेले आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाग अजून आहे, जुनी झाडं अजून आहेत.

तुमच्यासारख्या कामासाठी मात्र २००५ पासून सोपी वाट आहे, "डी मिनिमिस". बागेचं नुकसान नगण्य आहे असं लोकांसमोर मांडायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी संमती घ्यायची. म्हणजे तुमच्या उद्यान समितीच्या बैठकीत हा विषय येणार. तारखेवर लक्ष ठेवा.

हिमगौरी
मी सेंट पॉलला राहते, मिनेसोटा. तडकाफडकी, तुमचा राग कळतो, पण हे कायदे आले कुठून तेही बघू या.

आमच्या शहरात रोंडो नावाची वस्ती होती, कृष्णवर्णीयांची. दुकानं, चर्च, वाद्यवृंद, डॉक्टर, सगळं एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना. १९५६ च्या हायवे कायद्यानंतर आय-९४ नेमका त्यावरून काढला. शेकडो घरं पाडली. उत्तरेला रेल्वेच्या कडेने दुसरा मार्ग सुचवलेला होता. पण कुणी विचारलं नाही, आणि विचारलंच पाहिजे असा कायदा नव्हता. २०१५ मध्ये महापौरांनी आणि राज्याच्या वाहतूक खात्याने जाहीर माफी मागितली.

मी रोज त्या हायवेवरच्या पुलावरून चालत जाते. खाली गाड्यांचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. पलीकडे राहणाऱ्या एक आजीबाई आमच्या वाचनालयात येतात. त्यांचं लहानपणीचं घर "त्या डावीकडच्या लेनमध्ये" होतं, असं त्या बोट दाखवून सांगतात.

आणि हेच कायदे असताना घाईचं काम होत नाही असंही नाही. मिनिआपोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला कोसळला, १३ माणसं गेली. नवा पूल सीईखालीच मंजूर झाला आणि सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला.

जर्सीकर
हिमगौरीताईंच्या पोस्टला +१.
आता आमच्या इकडची कथा. न्यू यॉर्कचा कंजेशन टोल. मॅनहॅटनच्या खालच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांवर टोल लावायचा, म्हणजे काही बांधायचंसुद्धा नाही. तरी फेडरल परवानगी लागते म्हणून नीपा. ईए तयार झाला, परिशिष्टं धरून सुमारे ४ हजार पानं! लक्षणीय परिणाम नाही हा निष्कर्ष जून २०२३ मध्ये, आणि टोल सुरू झाला ५ जानेवारी २०२५ ला. मधे आमच्या न्यू जर्सीने कोर्टात खेचलं, न्यू यॉर्कच्या गव्हर्नरबाईंनी स्वतः काही महिने थांबवलं, ते वेगळंच.

मी तेव्हा विरोधात होतो, रोज गाडीने जायचो. पण त्या ४ हजार पानांतली न्यू यॉर्कमधल्या ब्रॉंक्स भागावरची प्रकरणं मी वाचली आहेत. टोल चुकवायला ट्रक तिथून वळतील आणि तिथे आधीच दम्याची मुलं जास्त आहेत, हे त्यात आकड्यांनी लिहिलं होतं. म्हणून दम्याचं केंद्र, हंट्स पॉइंट मंडईतल्या ट्रकांची जुनी धुराडी शीतयंत्रं बदलणं, अशा अटी आल्या. आढावा नसता तर हे कुणाच्या ध्यानातच आलं नसतं. पानं मात्र कमी हवी होती. माझ्यासारखा चिवट माणूस सोडला तर कोण वाचणार?

तडकाफडकी
जर्सीकर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ४ हजार पानं! दम्याचं केंद्र हवं तर त्यासाठी वेगळा निधी द्या, टोलच्या कागदांत का?

जर्सीकर
कारण वेगळा निधी त्या वस्तीला इतकी वर्षं कुणी दिला नव्हता.

पानगळ
पानांवर आता मर्यादा आली आहे. २०२३ च्या कायद्याने ईए ७५ पानं आणि १ वर्ष, ईआयएस साधारण १५० पानं आणि २ वर्षं. परिशिष्टं त्यात धरत नाहीत.

मी मेरिलँडला, पर्पल लाइन या नव्या रेल्वेमार्गाच्या कामाशेजारी राहते. बेथेस्डा ते न्यू कॅरोल्टन, १६ मैल, २१ स्थानकं. फेडरल मंजुरी २०१४ ला मिळाली आणि त्याच वर्षी दावा दाखल झाला. त्यात एका इवल्या जलचराचाही मुद्दा होता, रॉक क्रीकच्या झऱ्यांतला अ‍ॅम्फिपॉड. आपल्या जवळ्याएवढा, आंधळा, रंगहीन. पण २०१६ मध्ये न्यायाधीशांनी मंजुरी रद्द केली ती वेगळ्याच कारणाने. वॉशिंग्टन मेट्रोचे प्रवासी घटताहेत, त्याचा या मार्गावर काय परिणाम होईल ते पुन्हा तपासा, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने मंजुरी परत दिली आणि काम सुरू झालं.

म्हणजे कोर्टकचेरीत गेलं साधारण एक वर्ष. पण नंतर २०२० मध्ये बांधणारा ठेकेदारच निघून गेला, नवा शोधण्यात त्याहून जास्त काळ गेला. आमच्या दारासमोरचा खड्डा लेकीने शाळेत पाऊल ठेवलं तेव्हा खणला, आता ती बास्केटबॉल खेळते. लोक मात्र सगळा दोष "त्या कोळंबी"ला देतात. मला राहवत नाही म्हणून लिहिलं.

मालवणी_साकव
जवळ्याचं नाव काढलंत, भूक लागली!

नाना_देशावरचे
मी महाराष्ट्रात रस्त्यांचीच नोकरी करून निवृत्त झालो, सध्या मुलाकडे टेक्सासला आहे. आपल्याकडे २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना आहे. मोठ्या महामार्गांना जनसुनावणी होते, प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. मी काही सुनावण्यांना मागे उभा राहिलेलो आहे. लोकांना जमिनीचा भाव विचारायचा असतो, अधिकाऱ्यांना इतिवृत्त पुरं करायचं असतं. शहरातला रस्ता किंवा मेट्रो त्या यादीत येतच नाही.

माझा प्रश्न खडीडांबर यांना. इथे लोकांनी बोललेलं खरोखर आराखड्यात उतरतं का? मला प्रामाणिक उत्तर हवं आहे.

खडीडांबर
नाना, नमस्कार. उतरतं, वेळेवर बोललं तर. आणि वेळेचा मुद्दा माझ्याच कामातून सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

काही वर्षांपूर्वी ओढ्यावरचा एक जुना पूल बदलायचं काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला प्राथमिक अभ्यासाचा फॉर्म भरतात, त्यात काय काय तपासायचं ते ठरतं. मग नकाशावर एक तुटक रेघ मारतात. या रेघेच्या आत जमीन हलेल, आत जे काही आहे ते तपासलं जाईल. पुरातत्त्ववाले आणि जीवशास्त्रज्ञ त्या रेघेच्या आत चालतात, लिहितात, सही करतात. आम्ही ती रेघ पुलालगत घट्ट मारली. कमी जागा, कमी कटकट, असं मला वाटलं.

मंजुरी आली. अंतिम आराखडा करताना कळलं की क्रेन आणि गर्डर ठेवायला रेघेच्या आत जागाच नाही. दोनशे फुटांवर मोकळं रान होतं, मालकही तयार. पण ते रेघेबाहेर. पुरातत्त्ववाल्यांनी पुन्हा चालायचं, इथल्या मूळ रहिवाशांच्या आदिवासी राष्ट्रांना पुन्हा पत्रं, कागद पुन्हा कॅल्ट्रान्सकडे, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याकडे. प्रत्यक्ष काम तीन महिन्यांचं. पण ओढ्यात उतरायची मुभा फक्त कोरड्या महिन्यांत असते, १५ ऑक्टोबरला आम्हाला बाहेर पडावं लागतं. ते तीन महिने नेमके उन्हाळ्यावर पडले आणि अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षात पोलादाचा भाव चढला. चूक माझी होती, नीपाची नाही. नकाशावर अजून दोन इंच पुढे रेघ मारायला मला दहा सेकंद लागले असते.

आणखी एक. मंजुरीआधी अंतिम आराखड्यावर किंवा जमीन खरेदीवर खर्च केला तर तो फेडरल पैशातून परत मिळत नाही, उलट सगळं अनुदान धोक्यात येतं. त्यामुळे "तोवर ड्रॉइंग तरी करून ठेवा" हे शहराला करता येत नाही. कॅलिफोर्नियात फेडरल हिस्सा सहसा ८८.५३ टक्के, शहराचा ११.४७. लहान शहर तो मोठा हिस्सा गमवायची जोखीम कधीच घेणार नाही.

ताई, आता तुम्ही काय करायचं ते. "कधी होणार" असं विचारू नका, त्याला "चालू आहे" हेच उत्तर येतं. विचारा, "प्राथमिक अभ्यासाचा फॉर्म मंजूर झाला का? कुठल्या अभ्यासाची वाट बघताय? तो कुणाच्या टेबलावर आहे? सामान ठेवायची जागा रेघेच्या आत आहे का?" आमच्या राज्यात फेडरल मंजुरी वॉशिंग्टनहून येत नाही. २००७ पासून ती जबाबदारी कॅल्ट्रान्सने स्वतःवर घेतली आहे, म्हणजे बोलायला माणूस जवळ आहे.

पाणथळ
मी शेतात आणि ओढ्यात फिरणारी जीवशास्त्रज्ञ, याच राज्यात. "त्यातून काही वाचतं का" याला मी उत्तर देऊ शकते.

पुलाखाली भिंगऱ्या घरटी करतात, क्लिफ स्वॉलो. चोचीत चिखलाची एकेक गोळी आणून चिकटवतात. शेकडो गोळ्यांचं मडक्यासारखं घर, तोंड बाजूला. ओला चिखल गडद दिसतो, वाळलेला फिका, त्यामुळे आज सकाळी किती काम झालं ते खालून बघूनच कळतं. एकदा अंडं पडलं की १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने हात लावता येत नाही, पिल्लं उडेपर्यंत काम बंद. हे आधी माहीत असेल तर फेब्रुवारीत, पक्षी यायच्या आत, जाळी लावून टाकायची. पक्षी बाजूच्या पुलावर जातात, कुणाचंच नुकसान नाही. एका कामावर जाळी तीन आठवडे उशिरा लागली. मी एप्रिलमध्ये आरसा लावलेली काठी घेऊन बघितलं तर सात घरट्यांत अंडी. ठेकेदार माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते. पण मी ते फोडा म्हणू शकत नव्हते, आणि म्हटलंही नसतं.

बेडकाचं सांगायचं तर, कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक १९९६ पासून धोक्यातल्या यादीत आहे आणि २०१४ पासून राज्याचा उभयचरही. तो शोधायला आम्ही रात्री जातो. कपाळावर दिवा लावून पाण्याच्या कडेने हळू चालायचं, त्याचे डोळे चमकतात. हे काही ठरावीक हंगामांतच करता येतं. शहराने सल्लागार मार्चमध्ये नेमण्याऐवजी जूनमध्ये नेमला तर हंगाम गेला, पुढच्या वर्षी या. ताई, तुमच्याकडे बहुतेक हेच झालं असावं.

ओढ्याकाठची
पाणथळ!! थांबा. गेल्या हिवाळ्यात रात्री दहाला आमच्या ओढ्यात दोन दिवे फिरत होते. नवऱ्याला वाटलं चोर. शेजारच्या काकूंनी तर पोलिसांना फोन लावला होता. ते तुम्हीच लोक होतात का?

पाणथळ
मी नव्हते, पण माझ्यासारखंच कुणीतरी असणार! आम्ही आधी पोलिसांना कळवतो, तरीही फोन जातातच. आनंदाची बातमी म्हणजे बेडकाचा अभ्यास झालेला आहे.

तडकाफडकी
पाणथळ, तुमचं वाचून जाळीचा मुद्दा पटला. पण म्हणजे दोष उशिरा सुरू करण्याचा आहे, आणि लहान शहरात हे जाणणारी माणसं किती? तुमच्या ताईंच्या शहरात कदाचित एकच इंजिनिअर असेल, खड्डेही तोच बुजवत असेल. कायदा चांगला, पण तो पेलायला माणूस दिला नाही तर ज्यांच्याकडे पैसा त्यांचेच पूल होणार. माझा मूळ राग तोच आहे.

खडीडांबर
यावर मी सही करतो. इतकी वर्षं मी हेच बघतोय. मोठ्या शहरात पर्यावरणाचा वेगळा विभाग असतो. लहान शहरात एक बाई, तिच्याकडे पूल, गटारं, सिग्नल, सगळं.

हिमगौरी
आणि आता नियमही दर वर्षाला बदलताहेत. राष्ट्राध्यक्षांच्या पर्यावरण परिषदेचे नीपाबद्दलचे जुने नियम २०२५ मध्ये मागे घेतले, त्याच वर्षी मे महिन्यात युटाच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खालच्या कोर्टांनी आढाव्यात फार ढवळाढवळ करू नये. मला भीती वाटते ती याची, की पुढची रोंडो "लवकर मंजुरी" म्हणून होईल.

नाना_देशावरचे
खडीडांबर, तुम्ही स्वतःची चूक उघड लिहिलीत. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी अशी टिप्पणी एकाही फाईलवर वाचली नाही. तुमच्या खात्यातल्या नव्या मुलांना ती रेघेची गोष्ट सांगता ना?

खडीडांबर
पहिल्याच आठवड्यात, नाना. नकाशा समोर ठेवून.

ओढ्याकाठची
पाच आठवड्यांनी परत आले, कळवायचं होतं.

खडीडांबर यांचे प्रश्न तसेच्या तसे लिहून शहराच्या इंजिनिअरबाईंना पाठवले. खरंच एकट्याच आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, पाऊण तास बोलल्या. म्हणाल्या, दोन वर्षांत असं विचारणारं पहिलंच कुणीतरी. बेडूक दिसला नाही पण ओढा त्याला राहण्याजोगा आहे, म्हणून अटी लागतील. एका आदिवासी राष्ट्राने खणताना आपला माणूस हजर ठेवायला सांगितलंय, शहराने मान्य केलंय. उरलं होतं बागेचं ४ एफ.

काल उद्यान समितीची बैठक झाली. आम्ही नऊ पालक गेलो, मुलालाही नेलं. भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर तुटक लाल रेघ. मी चष्मा लावून अगदी जवळ गेले. सामान ठेवायची जागा शाळेच्या मागच्या मातीच्या पार्किंगमध्ये दाखवली होती आणि रेघ त्याच्या अलीकडेच, कुंपणापाशी थांबत होती. मी उठून विचारलं. इंजिनिअरबाईंनी नकाशा बघितला, सल्लागाराकडे बघितलं, आणि खोलीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग सल्लागार म्हणाला की अहवाल अजून कॅल्ट्रान्सकडे गेलेला नाही, रेघ या आठवड्यात वाढवता येईल, पुरातत्त्ववाले एका दिवसात चालून येतील.

समितीने लेखी संमती द्यायचं ठरवलं. एका आजोबांनी त्यांच्या बाकाजवळचा ओक वाचवायला सांगितलं, तर पुलाचं टोक सहा फूट डावीकडे सरकलं, तिथल्या तिथे पेन्सिलीने.

सगळं जुळलं तर ओढ्यात काम पुढच्या वर्षी १५ जूनला सुरू. मुलगा तेव्हा पाचवी संपवून या शाळेतून बाहेर पडलेला असेल. गाडीत मी त्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण घंटा तर रियाच्या घरीपण ऐकू येते." रिया शेजारची, आता बालवाडीत आहे.

मालवणी_साकव
ताई, पूल झाला की फोटो टाका. मी माझ्या वहाळावरच्या साकवाचा टाकतो.

खडीडांबर
ताई, ती रेघ वाढवलेली लेखी मिळेपर्यंत इंजिनिअरबाईंना दर सोमवारी एक फोन करा. त्यांनाही बरं वाटेल.